समोरची काच

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त तसं साधंच आहे. पुतण्याच्या गाडीची समोरची काच तडकली आणि ती बदलायला अकरा दिवस लागले. (आमच्या नागपूरकडे 'पुढची' काच म्हणत नाहीत, 'समोरची' म्हणतात. तेच बरोबर वाटतं मला.) एका काचेपायी अकरा दिवस! माझ्या लहानपणी खाप्यात कंदिलाची काच फुटली की पाच मिनिटांत दुकानातून दुसरी आणायचो. पहिले चार-पाच दिवस मी नुसता वैतागलो. मग थोडं वाचलं, थोडं घरातल्याच एका म्हाताऱ्या माणसाकडून ऐकलं, आणि वैताग ओसरला. ते सगळं लिहून ठेवतोय. घरची मंडळीही हे वाचतात, म्हणून एक गोष्ट आधीच कबूल करतो. त्या तड्याचा निम्मा दोष माझा आहे.

ज्यांना खापा माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीकाठचं गाव. नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे बऱ्याच मोठ्या शहरांच्या आधीची. कोष्ट्यांचं, हातमागाचं गाव अशी जुनी ओळख. आणि जवळच गुमगावची मॅंगनीजची खाण. आता मागांची खटखट जवळजवळ ऐकू येत नाही, खाण मात्र सुरू आहे.

तर झालं असं की मे महिन्यात घरी लग्न होतं. पुतण्या पुण्याहून स्वतःची नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन समृद्धी महामार्गाने आला. गाडीचं नाव घेत नाही, गाडीचा काही दोषही नाही. पण गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. आवाज नाही, धूर नाही. वेग किती आहे ते समोरच्या काचेवरच तरंगताना दिसतं. रस्त्यावरची पांढरी रेषा ओलांडली की स्टिअरिंग हाताला थरथरून सांगतं. समोर कोणी आडवं आलं तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. सावनेरहून खाप्याकडे येताना पुढच्या टिप्परच्या चाकाखालून एक खडा उडाला. 'टिक' एवढाच आवाज. काचेवर मसुराच्या दाण्याएवढा टवका. पुतण्या म्हणाला, "जाऊ दे काका, नंतर पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पारा ४५ च्या आसपास, लग्नघरी पाहुणे यायचे म्हणून मी उत्साहाने गाडी धुवायला घेतली. विहिरीच्या गार पाण्याची बादली काचेवर ओतली. काचेतून 'चर्र' असा आवाज आला आणि त्या मसुराच्या दाण्यातून एक रेघ निघाली, ती वळत वळत थेट आरशाच्या खाली जाऊन थांबली. काच बाहेरून एकदम आकसली आणि सगळा ताण त्या टवक्यापाशी गोळा झाला, हे आता कळतं. तेव्हा फक्त बादली हातात घेऊन उभा होतो.

लग्न आटोपल्यावर सावनेरला आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षं काचा बसवणारा माणूस. जुन्या अँबॅसेडर, फियाट, जीप, ट्रक, सगळ्यांच्या. त्यांची काच बसवायची रीत मी लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेली आहे. काचेच्या कडेभोवती जाड रबर चढवायचं. रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी भरायची, तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. एकाने बाहेरून काच तळहाताने दाबून धरायची, दुसऱ्याने आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो, आणि काच जागेवर. ना गोंद, ना यंत्र. जुन्या जीपचं तर त्याहून सोपं. सपाट काच, ती खिडक्यांच्या काचा कापणाऱ्याकडूनही कापून आणता येई.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. आरशामागच्या काळ्या डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, काच मी लावून देईन. पण लावल्यावर गाडीले बरोबर दिसन का नाही, याची गॅरंटी मी देत नाही."

गाडीला दिसेल का? मला हसू आलं. म्हटलं, दिसायचं आपल्याला आहे, गाडीला कशाला? तिथूनच माझा अभ्यास सुरू झाला म्हणा ना.

काचेचा आणि आमच्या खाप्याचा एक लांबचा संबंध आहे, तो आधी सांगतो. काच ज्या वाळूपासून बनते तिच्यात थोडं तरी लोखंड असतं, त्यामुळे काच हिरवट होते. तो हिरवेपणा घालवायला काचकारखानदार पूर्वी त्यात चिमूटभर मॅंगनीज डायऑक्साइड टाकत. रोमन काळापासूनची ही युक्ती. तिला युरोपात काचकारांचा साबण म्हणत. प्रमाण जास्त झालं की तीच काच वर्षानुवर्षं उन्हात राहून जांभळी पडे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात अशा जांभळ्या पडलेल्या खिडक्या अजून मिरवतात. आमच्या भागात मॅंगनीजचा शोध घ्यायला १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची कंपनी निघाली, आणि १९६२ पासून ते काम सरकारी भागीदारीच्या 'मॉइल'कडे आलं. आमचं मॅंगनीज जातं मुख्यतः पोलादाला. पण ज्या मातीत आम्ही खेळलो तिच्यातला धातू काचेचे डोळे स्वच्छ करायचा, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

पण घरातली काच म्हणजे आमच्यासाठी कंदिलाची काच. आणि ती काच मराठी होती बरं का. स्वदेशीच्या दिवसांत अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. हाच 'पैसा फंड'. लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. होय, शिकवायला. कारण तो नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. ठिकठिकाणची मुलं तिथे फुंकणीने काच फुंकायला शिकली आणि आपापल्या मुलखात जाऊन त्यांनी भट्ट्या पेटवल्या. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, औंधच्या पंतप्रतिनिधींचा त्यांना आधार होता. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला आणि कारखान्याभोवतालच्या वस्तीचं नावच ओगलेवाडी पडलं.

आमच्या घरीही कंदील होता. त्याची काच राखेने पुसायचं काम माझ्याकडे. आठवड्यातून एखादी फुटायचीच. फुटली की हात कापायचा, आई ओरडायची, आणि नवी काच यायची. ती काच फुटायची तशी फुटे, म्हणजे सुऱ्यासारखे लांब तुकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मोटारीच्या काचेची सगळी कथा याच तुकड्यांची आहे.

सुरुवातीच्या मोटारींना समोर काचच नव्हती. वेग कमी, लोक चष्मे लावून बसत. वेग वाढला, धूळ आणि किडे तोंडावर येऊ लागले, तेव्हा खिडकीचीच काच आणून समोर उभी केली. वारा अडला. पण गाडी धडकली की तीच काच माणसाच्या गळ्याशी. त्या काळातल्या अपघातांत बरेच लोक काचेने कापले जात.

१९०३ हे साल या कथेत मजेशीर आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी वायपरचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक बर्फात काच उघडून, कुडकुडत गाडी हाकतोय हे त्यांनी पाहिलं होतं. आणि त्याच वर्षी, असं सांगतात, पॅरिसमध्ये एदुआर बेनेडिक्टस या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून शिडीवर चढलेला असताना एक काचेचा चंबू खाली पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेट ठेवलेलं होतं, ते सुकून काचेला आतून चिकटलेली पातळ कातडी तयार झाली होती. पुढे मोटार-अपघातांत काचेने कापलेल्या लोकांबद्दल वाचल्यावर त्याला तो चंबू आठवला. दोन काचांमध्ये असा थर घालून त्याने १९०९ साली पेटंट घेतलं, नाव ठेवलं 'ट्रिप्लेक्स'. त्याच्या आधी १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन वुड नावाच्या गृहस्थांनी झाडाच्या चिकाने दोन काचा चिकटवून पाहिल्या होत्या, पण तो माल चालला नाही. बेनेडिक्टस हा गडी नुसता रसायनवालाही नव्हता. तो चित्रकार होता आणि कापडावरच्या नक्षीसाठी प्रसिद्ध होता. आमच्या कोष्टीपुऱ्यात तो रमला असता!

तरी मोटारवाल्यांनी ही काच लगेच घेतली नाही. महाग पडते म्हणून. पहिल्या महायुद्धात ती गेली वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना. गाड्यांत ती जोमाने आली ती फोर्डच्या १९२७ च्या 'मॉडेल ए'पासून. मधला थर उन्हाने पिवळा पडे, म्हणून १९३० च्या दशकात तो बदलून पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाचं पारदर्शक प्लास्टिक आलं. आज पुतण्याच्या गाडीत जी काच आहे तीही हीच: साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा तो थर. म्हणून तर माझ्या बादलीने बाहेरची काच चिरली, पण आतली शाबूत राहिली.

पण आपल्याकडे कित्येक वर्षं दुसरीच काच चालली. टफन केलेली. काच खूप तापवून एकदम गार केली की तिचा पृष्ठभाग आवळला जातो आणि ती कैकपट मजबूत होते. फ्रान्सच्या दे ला बास्तीने १८७४ साली याची रीत काढली होती. ती फुटली की सुरे होत नाहीत, मक्याच्या दाण्यांसारखे बोथट तुकडे होतात. ही स्वस्त. त्यामुळे जुन्या ट्रकांत आणि गाड्यांत समोरही तीच असायची. तिच्यात दोन खोड्या. एक, ती फुटते तेव्हा सगळीच्या सगळी एका क्षणात पांढरी होते आणि समोरचं काही दिसत नाही. दुसरी, ते बोथट दाणे गळा कापत नाहीत, पण डोळ्यात जातात.

इथे मला आमच्या मोठेबाबांबद्दल लिहायचं आहे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आज ८४ वर्षांचे आहेत. ते ट्रक चालवायचे. १९८३ सालच्या पावसाळ्यात पांढुर्ण्याहून सावनेरकडे परतताना समोरच्या गाडीच्या चाकाखालून दगड आला. मी तेव्हा शाळेत होतो. मोठेबाबा सांगतात, "आवाज नाही आला लेकरा. एकदम पांढरंच झालं सगळं. जसं कोणं चादर टाकली समोर." ब्रेक मारेपर्यंत ट्रक रस्त्याच्या खाली उतरला होता. क्लीनरला खरचटलंही नाही. मोठेबाबांचा डावा डोळा गेला. मेडिकलमध्ये महिनाभर होते. ट्रक सुटला तो कायमचा. नंतर घरचं छोटं दुकान चालवून त्यांनी तीन मुलींची लग्नं केली. त्यांच्या तोंडून आम्ही कधी तक्रार ऐकली नाही, म्हणूनच बहुतेक आम्ही कधी विचारलंही नाही.

पुढे नियम आले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमाने गाड्यांना सुरक्षा काच सक्तीची केली, आणि नव्वदच्या दशकात समोरच्या काचेसाठी दोन थरांची लॅमिनेटेडच हवी असं ठरलं. याच नियमात काचेतून किती उजेड आत यायला हवा तेही आहे: समोरून आणि मागून ७० टक्के, बाजूने ५० टक्के. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मांवर बंदी आणली ती याच नियमाच्या आधारावर. नियमाची ही कोरडी ओळ मी आधीही वाचली असेल. या वेळी वाचताना मोठेबाबांचा डोळा आठवला. दहा-बारा वर्षं आधी आली असती ती ओळ, तर?

असो.

त्यानंतर काचेचं आणखी एक स्थित्यंतर झालं, ते आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. रबर आणि सुतळी गेली. काच गाडीच्या सांगाड्याला पॉलियुरेथेनच्या गोंदाने कायमची चिकटवली जाऊ लागली. म्हणजे ती खिडकी राहिली नाही, गाडीच्या हाडांपैकी एक हाड झाली. गाडी उलटली तर छत तोलून धरायला ती हातभार लावते. शेजाऱ्याच्या पुढ्यातली एअरबॅग उघडते तेव्हा अनेक गाड्यांत ती आधी काचेवर आपटून मग माणसाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर एअरबॅग काचेसकट बाहेर. आपल्याकडे चालकाची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजाऱ्याची २०२१ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. तेव्हापासून तर काच नीट चिकटवणं हा जिवाचाच प्रश्न झाला.

आणि आता शेवटचं स्थित्यंतर. काचेच्या मागे डोळा आला.

नवी काच कंपनीकडून नागपूरच्या वर्कशॉपला यायला आठ दिवस गेले. मी म्हटलं, एवढी काय मोठी काच? तिथल्या तंत्रज्ञ मुलाने शांतपणे समजावलं. या गाडीचीच, याच मॉडेलची काच लागते. काचेवर वेग तरंगताना दिसतो ना, त्यासाठी मधला थर वरून खाली किंचित निमुळता असतो, नाहीतर आकडे दोन-दोन दिसतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नाही, म्हणून वाऱ्याचा आवाज जास्त जाणवतो, तो गिळायला थर वेगळा. आणि कॅमेऱ्यासमोरचा काचेचा चौकोनी तुकडा जराही वेडावाकडा असून चालत नाही. कोपऱ्यातला शिक्का त्याने दाखवला, भारतीय मानकाचा आकडा आयएस २५५३. तुम्हीही कधी काच बदललीत तर तो शिक्का आधी पाहा. आणि हो, विम्यात काचेवर सहसा घसारा कापत नाहीत, तेही विचारून घ्या.

काम बघायला मी सावनेरच्या मिस्त्रींनाही बरोबर घेऊन गेलो होतो. जुनी काच काढताना गोंदाच्या थरातून बारीक तार ओढून तो कापत जातात. ते पाहून मिस्त्री माझ्या कानात म्हणाले, "सुतळीच हाय ना ही, भाऊ! आम्ही लावायले वापरत होतो, हे काढायले वापरून राहिले." मग जुन्या गोंदाचा पातळ थर तसाच ठेवून, पत्र्यावर ओरखडा पडला असेल तिथे प्रायमर लावून, नव्या गोंदाची एकसारखी वेल काढली. चोषकांनी धरून दोघांनी काच अलगद ठेवली. लांबी, रुंदी, उंची, सगळं एका दमात. मग थांबायचं. हा गोंद हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. आणि मे महिन्यात नागपूरच्या हवेत ओलावा कुठला? म्हणून जास्तच थांबायचं. मिस्त्रींना हे फार पटलं. "सिमेंटसारखं हाय," म्हणाले.

काच बसली. संध्याकाळ झाली. पुतण्याला पुण्याला निघायचं होतं, सुट्टी संपून वर चार दिवस झाले होते. तंत्रज्ञ म्हणाला, कॅलिब्रेशन उद्या सकाळी. पुतण्या म्हणाला, "त्याची काय गरज आहे? काच तर बसली. तेवढं एक पिवळं दिवं दिसतंय डॅशबोर्डवर, पुण्यात करून घेईन." मीही त्याच्याच बाजूचा. अकरावा दिवस होता, काच माझ्या बादलीने गेलेली, मला कधी एकदा हे संपतं असं झालं होतं. त्याला म्हटलं, जेवायला खाप्याला चल, मग रात्रीच नीघ.

जेवताना विषय निघाला. मोठेबाबांनी विचारलं, त्या डबीत काय असते? पुतण्याने सांगितलं की कॅमेरा असतो, तो रस्त्यावरच्या रेषा, गाड्या, माणसं ओळखतो. बंपरमध्ये रडार आहेच, पण रेषा कोणती आणि माणूस कोणता हे ओळखायचं काम कॅमेऱ्याचं.

"कॅमेरे किती?"

"समोर एकच आहे आजोबा."

मोठेबाबा जेवायचे थांबले. म्हणाले, "एका डोळ्यानं अंतर समजत नाही, बापा."

मग त्यांनी जे सांगितलं ते चाळीस वर्षांत आम्हाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या दिवशी ते गडव्यातून गिलासात पाणी ओतायला गेले, तर पाणी ताटात. गिलास दिसत होता, पण आहे तिथे नव्हता. जिना उतरताना पायरी चुकायची. दाराची कडी हाताला लागायची नाही. मोठीआईला कळू नये म्हणून ते रात्री सगळे झोपल्यावर अंगणात बसून गडव्यातून गिलासात पाणी ओतत. सांडलं की पुन्हा. महिनाभर. गिलासाची सावली कुठे पडते, काठ जमिनीपासून किती उंच दिसतो, हे पाहून पाहून हाताला शिकवलं. "डोळ्यानं नाही शिकलो. अंदाजानं शिकलो. आन् मान जरा कलली ना, तर सारा हिशेब चुकते."

पुतण्या गप्प झाला. कारण कॅमेरा नेमकं तेच करतो. एक डोळा असल्यामुळे त्याला खोली दिसत नाही. आपण जमिनीपासून किती उंचावर आहोत, मान किती अंशात झुकलेली आहे, आणि समोरच्या गाडीची चाकं रस्त्याला कुठे टेकलेली दिसतात, यावरून तो अंतराचा हिशेब करतो. नवी काच बसवताना ती मान केसभर जरी कलली तरी हिशेब चुकतो. मी तिथेच कागदावर मांडून पाहिलं. आडवा एक अंश फरक पडला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. आपल्या महामार्गाची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन! शेजारच्या लेनमधला ट्रक समोर आहे असं गाडीला वाटू शकतं, किंवा समोरचा ट्रक शेजारी आहे असं.

पुतण्या त्या रात्री निघाला नाही.

सकाळी वर्कशॉपला पुन्हा मी, पुतण्या आणि मिस्त्री. सपाट फरशी, सारखा उजेड. चाकांतली हवा मोजली. गाडीच्या मध्यरेषेवरून लेझरने मापं घेऊन समोर ठरावीक अंतरावर काळ्या-पांढऱ्या नक्षीची एक फळी उभी केली. लॅपटॉप जोडला. कॅमेरा त्या फळीकडे पाहत राहिला आणि आपण नक्की कुठे बघतोय ते शिकला. नंतर रस्त्यावर चालवत दुसरा धडा. त्याला पांढऱ्या रेषा स्पष्ट हव्यात. आमच्या खापा-सावनेर रस्त्यावर त्या कुठून आणायच्या! शेवटी बेतूल रोडवर चौपदरी भागात एका ठरावीक वेगाने गाडी नेली. काही वेळाने पिवळा दिवा विझला. पुतण्याने सुस्कारा टाकला. मीही.

परतताना मिस्त्री गप्प होते. सावनेर जवळ आल्यावर म्हणाले, "भाऊ, तार ओढता येईन मले. गोंद लावता येईन. ती फळीही मी बनवून घेईन. पण ते आकडे कोन देईन?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. प्रत्येक गाडीची मापं, फळी किती अंतरावर, किती उंचीवर, लॅपटॉपमधला प्रोग्राम, हे सगळं कंपन्यांच्या कुलपात. सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू केलं, मोटारी त्यात आहेत. चांगलंच आहे. पण सावनेरच्या मिस्त्रींपर्यंत अजून तरी एकही आकडा पोचलेला नाही.

मला राहून राहून तळेगाव आठवतं. आज पुण्याजवळच्या चाकणला मोटारींच्या समोरच्या काचा बनतात. फ्रान्समध्ये १६६५ साली राजाश्रयाने स्थापन झालेल्या सेंट-गोबेनचा कारखाना तिथे आहे. पैसा फंडाच्या भट्टीपासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. शंभर वर्षांत काच कंदिलापासून गाडीच्या डोळ्यापर्यंत आली, आणि ती इथेच बनते, याचा अभिमान वाटतो. पण तळेगावला काचेबरोबर काच बनवायची विद्याही वाटत होते. एकेक पैसा गोळा करून लोकांनी ती विद्या सगळ्यांसाठी विकत घेतली होती. तेवढं मात्र वीस किलोमीटर येता येता कुठेतरी राहून गेलं.

सुतळीचे दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. त्या सुतळीवाल्या काचेनेच मोठेबाबांचा डोळा नेला. अकरा दिवसांतल्या प्रत्येक पायरीमागे कुणाचा तरी गळा, कुणाचा तरी डोळा आहे, हे कळल्यावर घाई करावीशी वाटत नाही. फक्त एवढंच वाटतं की जे शहाणपण लोकांनी अंगावर घाव झेलून मिळवलं, ते सावनेरच्या मिस्त्रींनाही मिळावं. गाड्या तर खाप्यालाही येणारच आहेत.

पुतण्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. मोठेबाबा काठी टेकत फाटकापर्यंत आले. गाडीच्या आरशामागच्या त्या डबीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पुतण्याला म्हणाले, "आता शिकला म्हणते तो. तरी पहिले दोन-चार दिवस तुझ्या दोन डोळ्यानं पाय."

मी मागे उभा होतो. या वेळी माझ्या हातात बादली नव्हती.